केळकरांचं घर आणि आपला माळा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप समितीकडून दोनदा आला. पहिल्यांदा मी गुडघेदुखीचं कारण सांगून टाळलं. दुसऱ्यांदा सेक्रेटरी स्वतः घरी आले, चहा घेतला आणि अडकित्त्यांवरच लिहा म्हणाले. आपल्या बी विंगमध्ये माझी ओळख तेवढीच आहे, अडकित्तेवाले काका. माझ्याकडे आजमितीला ४१ अडकित्ते आहेत आणि घरात सुपारी कुणीच खात नाही, यावर लिफ्टमध्ये पुरेसे विनोद होऊन गेलेत. त्या ४१ नगांवर लिहिण्यासारखं फार काही नाही. ज्यांच्यामुळे ते जमले त्या माणसावर लिहितो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे दिनकर गंगाधर केळकर. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलेलं असेल, म्हणजे हात मागे बांधून रांगेने एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर.

मीही पहिल्यांदा तसंच पाहिलं. साल १९८७. पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त संध्याकाळचा, दुपार मोकळी, म्हणून शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्यालगतच्या या संग्रहालयात शिरलो. मला तेव्हा पोस्टाच्या तिकिटांचा नाद होता, त्यामुळे मी स्वतःला संग्राहक समजत होतो आणि दुर्मीळ वस्तू म्हणजे काय हे आपल्याला चांगलं कळतं अशी माझी समजूत होती. आत काय, तर समया, लामणदिवे, दौती, फण्या, कुलपं, सोऱ्या, वज्र्या. मनात आलं, यातलं निम्मं तर आमच्या गिरगावच्या खोलीत माळ्यावर पडलंय, त्यासाठी तिकीट कशाला काढायचं? एका काचेमागे मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता होता. आमच्या वडिलांच्या पानाच्या डब्यात होता, अगदी तसाच. ओळखीच्या माणसाकडे रस्त्यात नुसती मान हलवावी तसा मी त्याच्यापुढून गेलो. तासाभरात बाहेर. हे सगळं जमवणारे गृहस्थ त्या दिवशी हयात होते, ९१ वर्षांचे होते, हे मला फार नंतर कळलं. अजून चुटपुट लागते.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. (चष्मेवाल्याची नजर वगैरे विनोद आजवर शंभर जणांनी करून झालाय, मी करत नाही.) मराठी वाचकांना त्यांची पहिली ओळख झाली ती मात्र कवी म्हणून. अज्ञातवासी या नावाने ते कविता लिहीत. आज ती कविता फार वाचली जात नाही, पण संग्रहाचा उगम तिथेच आहे असं मला वाटतं. इतिहासाची ओढ असलेला कवी मराठेशाहीबद्दल वाचतो, लिहितो, आणि एक दिवस त्याला वाटतं की त्या काळची एखादी वस्तू प्रत्यक्ष हातात धरून बघावी. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. पुढची साठ-सत्तर वर्षं हे चालू राहिलं.

तलवारी, ढाली, चिलखतं कुणीही जमवेल. त्यांच्या संग्रहालयात तीही आहेत. माशाच्या खवल्यांचं आणि मगरीच्या कातड्याचं एक चिलखत आहे, ते बघायला पोरं हटकून थांबतात. पण केळकर तिथे थांबले नाहीत, ते स्वयंपाकघरात शिरले. माजघरात, देवघरात, न्हाणीघरात शिरले. पाय घासायची वज्री, जिच्या पाठीवर कुणा कारागिराने हत्ती नाहीतर पोपट बसवलाय. शेवया आणि चकल्या पाडायची यंत्रं. कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, हुक्के, सोंगट्या, गंजिफा. वाड्यांचे कोरीव दरवाजे. वाद्यं. दिव्यांवर तर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं आणि ते भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने छापलं.

या वस्तूंना तेव्हा दुर्मीळ कोण म्हणणार? घरोघरी होत्या. त्या दुर्मीळ कशा होत गेल्या ते आपल्या पिढीने पाहिलंय. वीज आली, समई देवापुरती उरली. वाड्यांच्या वाटण्या झाल्या, भाऊ वेगळे झाले, मोठी भांडी कुणाच्याच खोलीत मावेनात. स्टेनलेस स्टील आलं आणि घासायला जड, कल्हई लागणारं पितळ नकोसं झालं. आपल्या आया-आज्यांनी कल्हईवाल्याची आणि बोहारणीची वाट बघितली, आणि मग एक दिवस मोडीवाल्याची. मोडीत गेलेलं पितळ भट्टीत जातं. तिथे मोराचा अडकित्ता आणि नळाची तुटकी तोटी यांत काही फरक नसतो, दोन्हींचा भाव किलोवर. केळकर या सगळ्याच्या आधी पोचले. एखादी वस्तू बघून त्यांना नेमकं काय वाटत असेल हे मी सांगू शकत नाही, मी तिथे नव्हतो. पण त्यांनी काय उचललं ते समोर आहे. किमती धातूकडे किंवा राजाच्या नावाकडे बघणारा माणूस वज्री उचलत नाही.

त्यात कमलाबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, वाटा मोठा. वस्तू गोळा करण्यात त्या बरोबरीने होत्या. माझा एक अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्या. त्या काळी अनोळखी पुरुषाला कुणी माजघरापर्यंत येऊ दिलं असतं का? फणी-करंड्याची पेटी, बाळंतिणीच्या खोलीतला दिवा, चुलीपाशी टांगलेलं काय काय, हे बाईनेच बाईला दाखवायचं. या संग्रहात बायकांच्या हातातल्या वस्तू इतक्या आहेत त्या कमलाबाईंशिवाय आल्या असतील असं मला वाटत नाही. संग्रहालयाच्या नावात त्या नाहीत. आमच्या हिने हे वाक्य वाचून मान डोलावली आहे, म्हणून ठेवतो.

नावात आहे तो राजा. राजा हा त्यांचा मुलगा, लहान वयात गेला. बऱ्याच लोकांची अजून समजूत आहे की केळकर नावाचे कुणी राजे होते आणि त्यांचा हा खजिना. मीही १९८७ साली तसंच समजलो होतो. चष्मे विकणाऱ्या माणसाच्या घरातलं गेलेलं पोर आहे ते. पुढे जे जे हाताला लागलं, ते ते सगळं त्याच्या नावावर जमा झालं. बाप मुलासाठी इस्टेट करतो, इथे इस्टेट झाली आणि मुलगा नव्हता. या गोष्टीवर अधिक लिहायला मला जमणार नाही.

केळकरांच्याच वयाचा, म्हणजे सात वर्षांनी मोठा, एक दुसरा संग्राहक हैदराबादेत होता. तिसरे सालारजंग, नवाब मीर युसूफ अली खान. घराणं निजामाच्या दिवाणांचं, पैशाला तोटा नाही, युरोपातून वस्तू येत. त्यांचं संग्रहालय मी बँकेच्या एका ट्रेनिंगला गेलो असताना पाहिलं. बुरख्यातल्या रिबेकाचा तो संगमरवरी पुतळा, पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोमहून आणलेला, त्याच्यासमोर मी आ वासून उभा होतो. दगडाचा पदर आणि त्यातून चेहरा दिसतो! सगळेच आ वासतात. पण बाहेर पडल्यावर मला त्यातलं काही आठवून रडू आलं नाही. ती दुसऱ्याची श्रीमंती होती, आपण पाहुणे. नवाबसाहेब १९४९ साली गेले, लग्न केलेलं नव्हतं, मागे वारस नाही. पुढे १९५१ साली त्यांच्या देवडीत संग्रहालय उघडलं, पण ते बघायला ते नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

केळकरांच्या संग्रहालयातही रांग लावून बघण्याची एक गोष्ट आहे, ती म्हणजे मस्तानी महाल. बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणवले आणि इथे ते दालन पुन्हा उभं केलं. कोथरूड म्हणजे तेव्हा पुण्याबाहेर. आज तिथे जागेचे भाव विचारू नयेत. मस्तानी १७४० साली गेली, तिचं असं म्हणण्याजोगं फार काही शिल्लक राहिलेलं नाही, म्हणून या दालनाची किंमत. २०१५ साली तो सिनेमा आला आणि लोक आरसे शोधायला लागले. मी एका कुटुंबाला तिथे चक्क हिरमुसलेलं पाहिलंय. सिनेमातला झगमगाट नाही म्हणून नाराज होते. मला उलट वाटलं. एवढ्याशा जागेसाठी केवढं भांडण झालं, केवढी माणसं दुखावली गेली. तिथे गेलं की मी आपोआप हळू बोलायला लागतो.

आता माझ्यावर येतो, कारण त्याशिवाय हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९९ साली आपल्याला पझेशन मिळालं. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना आठवत असेल. खाली पार्किंगमध्ये रेतीचे ढीग होते, पाणी टँकरचं, स्टेशनपर्यंत रिक्षा मिळायची नाही. तरी आम्ही खूश होतो. चाळीतल्या दीड खोलीतून वन बीएचकेमध्ये येत होतो, घरात संडास असणार होता. गिरगावच्या खोलीला माळा होता, नेरूळच्या फ्लॅटला नव्हता. साधा प्रश्न होता, माळ्यावरचं कुठे ठेवायचं? तांब्याचा बंब, घंगाळ, दोन समया, पातेली, कासंड्या, आणि वडिलांचा पानाचा डबा. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. पान खाणारं कुणी उरलं नव्हतं. मोडीवाला आला, त्याने वजनकाटा दाराच्या कडीला अडकवला आणि वीस मिनिटांत सगळं मोजलं. डबा, त्यातली पानदाणी, मोराचा अडकित्ता, सगळं एकत्रच. मला तेव्हा मिळाले १,१४० रुपये. त्यात थोडी भर घालून आम्ही नव्या घरासाठी गीझर घेतला. आई तिथेच बाजल्यावर बसली होती. ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे तिची हरकत नाही, असं मी धरून चाललो.

२००२ साली आई गेली. तिच्या ट्रंकेत, पातळांच्या खाली, रुमालात बांधलेलं वडिलांचं चुनाळं निघालं. पितळेचं, अंगठ्याएवढं, आत चुना वाळून दगड झालेला. मोडीवाला वजन करत होता तेव्हा तिने ते डब्यातून कधी काढून घेतलं, मला आजही माहीत नाही.

त्यानंतर वर्षभराने काही कामासाठी पुण्याला जाणं झालं आणि मी मुद्दाम वाट वाकडी करून केळकर संग्रहालयात गेलो. सरळ त्या काचेकडे. मोर होता. सोळा वर्षांपूर्वी ज्याच्यापुढून नुसती मान हलवून गेलो तोच. आता खरं सांगायचं तर मला आधी भक्ती वगैरे काही वाटलं नाही, राग आला. हा आमचा आहे, इथे कसा, असं वाटलं. आमचा तो नव्हताच, तो कधीच भट्टीत वितळून कुठल्या तरी नळाची तोटी झाला होता. हा त्याच्या किती तरी आधीपासून इथे होता. पण हात काचेवर गेला आणि तिथल्या रखवालदाराने हटकलं. मी बाजूला झालो आणि भिंतीपाशी जरा उभा राहिलो. तो रखवालदार भला माणूस, त्याने मला पाणी विचारलं. मला वाटतं त्याला अशा माणसांची सवय असावी. तिथे येणाऱ्यांत काहीतरी मोडीत घातलेली माणसं बरीच असणार.

तिकिटं मी त्यानंतर हळूहळू सोडली. तिकिटांच्या जगात सगळ्यात मोठं नाव आहे ब्रिटिश गियानाच्या एका सेंटच्या तिकिटाचं. १८५६ सालचं, जगात एकच, किरमिजी कागदावर काळी छपाई, कोपरे कापलेले. २०१४ साली ते सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं. वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात ते ठेवलं होतं तेव्हा माझा पुतण्या बघून आला. मी फोनवर आधाशासारखं विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, काका, खरं सांगू का, नखाएवढा मळका कागद आहे, किंमत वाचली तेव्हा अंगावर काटा आला. आधी किंमत, मग काटा. त्याचा आधीचा मालक तर ते तिजोरीतच ठेवायचा आणि पुढे तुरुंगात मेला. पुतण्याला मी हसलो नाही. १९८७ साली मीही मोराच्या शेजारी किमतीची चिठ्ठी नाही म्हणूनच पुढे गेलो होतो.

अडकित्ते मात्र जमवायला लागलो. चोरबाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, कोकणात कुणाच्या पडवीतून. प्रत्येक नग कुणाच्या तरी वडिलांचा आहे हे मला ठाऊक असतं. घोड्याचा आहे, राघूचा आहे, नवरा-बायकोच्या जोडीचा आहे. (तो मी पाहुण्यांना दाखवत नाही.) मोर अजून मिळालेला नाही. दोनदा मिळाल्यासारखा झाला आणि दोन्ही वेळा नवा निघाला. जुना दिसावा म्हणून आम्लात बुडवलेला.

केळकरांकडे परत येतो, कारण मला सांगायची गोष्ट खरं तर शेवटचीच आहे. १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या. १९६२ मध्ये रीतसर संग्रहालय झालं. आणि १९७५ साली त्यांनी हे सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच आपल्याला बघायला मिळतात. बाकीच्या आत आहेत. म्हणजे मी त्या काचेपुढे उभा होतो तेव्हा मागे बंद कपाटांत आणखी किती मोर होते कोण जाणे.

जमवणाऱ्या माणसाला हे देणं किती अवघड जात असेल ते मला आता कळतं. आमच्याकडे कुणी अडकित्ता हातात घेतला तरी तो परत जागेवर जाईपर्यंत माझा जीव त्यात असतो. त्यांनी वीस हजार वस्तूंची किल्ली जिवंतपणी दुसऱ्याच्या हातात दिली, आणि त्यानंतर पंधरा वर्षं ते होते. हैदराबादच्या नवाबसाहेबांचं सगळं त्यांच्या पश्चात झालं. यांनी डोळ्यांदेखत केलं. आपल्या मुलाच्या नावाच्या पाटीखालून रोज अनोळखी पोरं रांगेने आत जाताना बघितली. १७ एप्रिल १९९० रोजी केळकर गेले, ९४ वर्षांचे होऊन.

मी ७१ वर्षांचा आहे. मुलगा टोरांटोला असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो आणि मागच्या दिवाळीत त्याने, अगदी सांभाळून, विचारलं की बाबा, या सगळ्याचं पुढे काय करायचं? मला राग आला नाही. मी त्याच्या जागी १९९९ साली उभा होतो, वजनकाट्याशेजारी. तो निदान विचारतोय.

सोसायटी ऑफिसात काचेचं कपाट आहे, त्यात क्रिकेटच्या ढाली आणि गणेशोत्सवाची प्रशस्तिपत्रकं असतात. चेअरमनसाहेबांशी बोलून मी खालचा कप्पा मागून घेतलाय. रौप्यमहोत्सवाच्या दिवसापासून तिथे माझे सहा अडकित्ते असतील, आणि चुनाळं. कुणाकडे घंगाळ, वज्री, दौत, आजीची फणी अशी काही वस्तू उरली असेल तर शेजारी जागा आहे, आणून ठेवा, चिठ्ठीवर ती कुणाची होती ते लिहा. मोठा बंब असेल तर जिन्याखाली ठेवायची तयारी सी विंगने दाखवली आहे. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे राहील. माझ्याकडे दुसरी किल्ली नाही, हे मी त्यांना स्वतःहून सांगितलंय.